ट्रक चालवायला कुठे शिकावं, सुरुवात कशी करावी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आडगावच्या ट्रक टर्मिनलपासून पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीपर्यंत तेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. काही मुलांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे आणि बरेचसे पिकअप चालवून कंटाळलेल्या चालकांचे. साध्या प्रश्नांपासून सुरुवात करून अडचणीच्या प्रश्नांकडे जाऊ. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रक चालवायला नेमकं कोणतं लायसन्स लागतं? वय किती पाहिजे, शिक्षण किती?

लायसन्सवर परिवहन संवर्गाची, म्हणजे ट्रान्सपोर्टची नोंद लागते. त्यासाठी वय २० पूर्ण हवं. हलक्या मोटारीचं पक्कं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं, पण ते हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं लर्निंग मिळत नाही. हे एक वर्ष पक्क्या लायसन्सच्या तारखेपासून मोजतात, लर्निंगच्या तारखेपासून नाही. बरीच मुलं इथेच चुकतात. दुचाकीचं लायसन्स कितीही जुनं असलं तरी ते या वर्षात धरत नाहीत.

आठवी पासची अट २०१९ साली काढून टाकली, त्यामुळे दाखला नसला तरी अडत नाही. पण वाचता येणं भाग आहे. बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा ऑनलाइन कागद), रस्त्यावरच्या पाट्या आणि डॅशबोर्डवरच्या सूचना दुसऱ्याकडून वाचून घेत गाडी चालवता येत नाही. टँकरचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न १३ मध्ये पाहा.

२. माझ्याकडे फक्त कारचं लायसन्स आहे. त्यावर छोटा हत्ती, पिकअप किंवा आयशर चालवली तर चालेल का?

गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक भरलेला माल मिळून मान्य केलेलं कमाल वजन, ७,५०० किलोच्या आत असेल तर चालेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं. तोवर विमा कंपन्या याच मुद्द्यावर दावे अडवायच्या.

फसगत होते ती ‘आयशर’ या शब्दावर. आपल्याकडे मधल्या आकाराच्या कोणत्याही टेम्पोला आयशर म्हणतात. त्यातल्या काही गाड्या साडेसात टनांच्या आत असतात आणि काही थेट अकरा-बारा टनांच्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आरसी बुक उघडून एकूण वजनाचा रकाना वाचा आणि मगच चावी घ्या. मालक ‘चालतं रे’ म्हणाला, हे उत्तर अपघातानंतर कुणी ऐकत नाही.

३. आरटीओत कोणत्या क्रमाने काय करायचं?

अर्ज परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. नाशिकचं कार्यालय, म्हणजे एमएच-१५, पंचवटीत पेठ रोडला आहे. मालेगाव बाजूच्या लोकांसाठी मालेगावला एमएच-४१ आहे.

आधी डॉक्टरकडून फॉर्म १-अ भरून घ्या. ट्रान्सपोर्टसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र कोणत्याही वयात लागतं. मग ट्रान्सपोर्टचं लर्निंग काढा. ते ६ महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला ३० दिवसांनंतरच बसता येतं. मधल्या काळात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षण घेऊन त्यांच्याकडून फॉर्म ५ घ्यायचा. हे प्रमाणपत्र नसेल तर ट्रान्सपोर्टचा अर्ज पुढे सरकत नाही. शेवटी चाचणी. चाचणीला गाडी तुम्हीच न्यायची असते, म्हणून बहुतेक जण स्कूलची गाडी वापरतात.

सरकारी फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. मोठा खर्च असतो स्कूलचा, आणि पैशाची घासाघीस करायची तर तिथेच करा. ती कशी, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

४. ड्रायव्हिंग स्कूल, मोठं प्रशिक्षण केंद्र की उस्तादाच्या हाताखाली क्लीनर? यातलं काय चांगलं?

तिन्ही रस्त्यांनी चांगले चालक तयार झाले आहेत आणि वाईटही. रस्ता निवडताना एकच गोष्ट बघा: भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग, जाणकार माणूस शेजारी बसलेला असताना, तुमच्या हातात किती तास येणार? लायसन्स तर तिन्हीकडून मिळतं, फक्त क्लीनर झालात तरी स्कूलचा फॉर्म ५ (प्रश्न ३) लागतोच.

गल्लीतल्या ड्रायव्हिंग स्कूलला नियमाने अवजड वाहनासाठी किमान ३० दिवसांचा कालावधी आणि १५ तास प्रत्यक्ष चालवणं बंधनकारक आहे. पंधरा तासांत गिअर, क्लच, वळण आणि रिव्हर्स यांची ओळख होते, हात बसत नाही. शिवाय स्कूलची गाडी बहुधा जुनी सहा चाकी आणि रिकामी असते. रिकामा ट्रक ब्रेक मारला की थांबतो. तोच ट्रक दहा टन कांदा भरल्यावर वेगळाच वागतो, आणि हे स्कूलमध्ये कळत नाही.

मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. तिथे मध्यम आणि अवजड वाहनांचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा आहे. सिम्युलेटर आणि स्वतःचा ट्रॅक असतो. तिथून उत्तीर्ण होऊन फॉर्म ५-ब मिळाला की आरटीओत वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. त्यामुळे केंद्राला मान्यता आहे का आणि ती अवजड वाहनांसाठी आहे का, हे पैसे भरण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. फक्त कारची मान्यता असलेली केंद्रंही असतात. सरकारी संस्थांपैकी जुनं नाव म्हणजे पुण्याजवळ भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था, म्हणजे सीआयआरटी. नाशिकहून दोनशे किलोमीटर आहे, तेव्हा राहण्या-खाण्याचा खर्च धरूनच हिशोब मांडा.

क्लीनर होऊन शिकण्यात फी नाही, उलट चार पैसे मिळतात. माल कसा रचतात, ताडपत्री आणि रस्सी कशी आवळतात, कुठल्या ढाब्यावर गाडी सुरक्षित राहते, टायर कसा बदलतात, हे सगळं तिथेच कळतं. दोन धोके आहेत. उस्तादाच्या वाईट सवयी तशाच्या तशा अंगात मुरतात. उतारावर न्यूट्रल करण्याची सवय बहुतेकांना अशीच लागते. दुसरा धोका कायद्याचा आहे. ट्रान्सपोर्टचं लर्निंग नसताना ‘जरा धर रे’ म्हणून दिलेलं स्टिअरिंग अपघात झाला की गुन्हा ठरतं. लर्निंग असलं तरी त्या गाडीचं पक्कं लायसन्स असलेला माणूस शेजारी जागा हवा, आणि गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी हवी. उस्ताद मागे झोपलाय आणि शिकाऊ मुलगा हायवेवर गाडी हाणतोय, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

आमचं मत विचाराल तर तिन्हींचं मिश्रण करा. हलक्या लायसन्सच्या वर्षात टेम्पो चालवा किंवा क्लीनर म्हणून फिरा. मग एक चांगलं स्कूल किंवा केंद्र करा. लायसन्स हातात आल्यावर तीन ते सहा महिने दुसरा ड्रायव्हर म्हणून जोडीने चालवा. हा शेवटचा टप्पा गाळणाऱ्यांचंच पुढे जास्त नुकसान होतं.

५. स्कूल निवडताना काय विचारायचं? सगळेच ‘गॅरंटी’ म्हणतात.

‘लायसन्स किती दिवसांत?’ हा प्रश्न सोडून बाकी सगळं विचारा.

पहिलं, एका वेळी केबिनमध्ये किती शिकाऊ बसतात? पाच जण बसत असतील आणि तास एकच असेल, तर तुमच्या वाट्याला स्टिअरिंग येतं बारा मिनिटं. स्वतःच्या हाताचे तास वहीत लिहून ठेवणार का, तारखेसह सही देणार का, ते विचारा. कुरकुर झाली तर दुसरं स्कूल बघा.

दुसरं, गाडी. तिला शिक्षकाच्या बाजूला क्लच-ब्रेकचे वेगळे पेडल आहेत का? एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, आहे का? गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या मानकाची, असेल तर उत्तम, कारण १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या नव्या गाड्या तशाच आहेत, आणि उद्या मालक तीच हातात देणार आहे.

तिसरं, एकदा तरी वजन भरून चालवायला मिळेल का, रात्री मिळेल का, घाटात नेणार का? पेठ रोडचा सावळघाट नाशिकहून जवळ आहे. शिक्षक सोबत घेऊन तिथे दोन फेऱ्या झाल्या तरी खूप.

चौथं, रिव्हर्स. नवीन चालकाची नामुष्की हायवेवर होत नाही, ती अंबडच्या एखाद्या कंपनीच्या डॉकवर होते. मागे दहा गाड्या थांबल्यात, वॉचमन शिट्टी मारतोय आणि गाडी तिरपी अडकलीय. एकूण तासांपैकी निदान चौथा हिस्सा आरशात बघून मागे घेण्यात गेला पाहिजे, तोही डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी. डावीकडे मागे घेणं अवघड, कारण ती बाजू चालकाला दिसत नाही.

पैसे एकदम भरू नका. निम्मे आधी आणि निम्मे फॉर्म ५ च्या वेळी, असं ठरवा.

६. एजंट म्हणतो, शिकायची गरज नाही, सगळं करून देतो. मग कशाला महिनाभर घालवायचा?

कारण मालक कागद बघून चावी देत नाही. तो आधी ट्रायल घेतो. गेटातून गाडी बाहेर काढा, एक फेरी मारा, मागे लावा, एवढंच. दहा मिनिटांत सगळं कळतं. शिवाय न शिकता घेतलेलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हे खोटं प्रमाणपत्रच असतं, आणि मोठ्या अपघातानंतर चौकशी तिथपर्यंत जाते.

७. चष्मा आहे. रंग नीट ओळखता येत नाहीत. लायसन्स मिळेल का?

चष्म्याची काहीच अडचण नाही. दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट चष्म्यासह वाचता आली पाहिजे. रंगांधळेपणाबाबत २०२० साली नियम सैल झाला. सौम्य आणि मध्यम स्वरूपाचा असेल तर लायसन्स मिळतं, तीव्र असेल तर नाही. नेत्रतज्ज्ञाकडून आधीच तपासून घ्या, म्हणजे स्कूलची फी भरल्यावर अडकायला नको. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. फॉर्मात रातांधळेपणाचाही प्रश्न आहे, आणि आपल्याकडचा निम्मा माल रात्रीच हलतो.

८. हलक्या लायसन्सचं ते एक वर्ष नुसतं बसून काढायचं का?

मुळीच नाही. साडेसात टनांच्या आतल्या गाड्यांना नाशिक परिसरात बारमाही काम असतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमधली सुट्या भागांची ने-आण, शहरात किराणा आणि औषधांचं वाटप, निफाड-दिंडोरीतून द्राक्षांच्या क्रेट पॅकहाऊसपर्यंत, हंगामात पिंपळगावला टोमॅटो.

यातलं शेतमालाचं काम शिकण्यासाठी सगळ्यात चांगलं, कारण माल नाजूक असतो. क्रेट उडवत नेलेली द्राक्षं पोचल्यावर लगेच दिसतात. हळू ब्रेक, अलगद क्लच आणि खड्डा आधीच ओळखणं हे हातात तिथे येतं. शहरातल्या वाटपाने अरुंद गल्लीतला रिव्हर्स पक्का होतो. वर्षभर दोन्ही करून आलेला मुलगा मोठ्या गाडीवर लवकर रुळतो.

कामाच्या ठिकाणाहून पगाराची नोंद किंवा साधं अनुभवपत्र घ्या. बँकेत पगार येत असेल तर ते पासबुकही पुरावा म्हणून चालतं.

९. सहा चाकीपासून सुरुवात करू की थेट दहा, बारा चाकी किंवा ट्रेलर? पगार तर ट्रेलरला जास्त आहे.

सहा चाकीच. दोन ॲक्सलच्या ट्रकचं मान्य एकूण वजन २०१८ पासून साडेअठरा टन आहे आणि तीन ॲक्सलच्या दहा चाकीचं साडेअठ्ठावीस टन. या दहा टनांनी थांबण्याचं अंतर, वळणाचा घेर आणि चढावरचा गिअर, सगळं बदलतं.

ट्रेलर तर वेगळंच काम आहे. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि वळणावर मागची चाकं पुढच्यांच्या बरीच आत कापतात. द्वारका चौकात ट्रेलर डावीकडे वळताना त्याच्या आणि फुटपाथच्या मध्ये घुसणारा दुचाकीवाला चालकाला दिसतच नाही. क्लीनरच्या बाजूचा आणि बोनेटच्या अगदी पुढचा, हे दोन आंधळे कोपरे अंगवळणी पडायला वेळ लागतो. सहा चाकीवर एक पावसाळा आणि एक हंगाम काढा. मग दहा चाकी, आणि ट्रेलर त्यानंतर.

१०. घाटात गाडी कशी उतरवायची? कसाऱ्याची भीती वाटते.

भीती वाटते ते बरं आहे. मुंबईकडे जाताना कसारा, धुळ्याकडे जाताना चांदवडजवळचा राहुड, पुण्याकडे संगमनेरपुढचा चंदनापुरी. नाशिकहून कुठेही निघा, घाट आहेच.

ब्रेक ‘फेल’ होतात म्हणजे बहुतेक वेळा काही तुटत नाही, ते तापतात. पेडल सतत दाबून ठेवलं की लायनर आणि ड्रम घासून इतके गरम होतात की पकडच उरत नाही. त्यात सारखं दाब-सोड केलं तर टाकीतली हवाही उतरते. दाब फार खाली गेला की बझर वाजतो, आणि त्याहून खाली गेला की मागची स्प्रिंग ब्रेक आपोआप लागते. वळणावर हे झालं तर गाडी फेकली जाते.

म्हणून घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवा. हवेचे दोन्ही काटे पूर्ण दाबावर आहेत का बघा, टायरांना हात लावा, मालाची रस्सी तपासा. उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्या. जो गिअर हा घाट चढताना लागला असता, तोच किंवा त्याच्या एक खालचा. उतरायला लागल्यावर भरल्या गाडीत गिअर पाडायला गेलात आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा ब्रेक, चालू ठेवा. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा लाल पट्ट्याकडे जाऊ लागला की पेडल एकदा ठामपणे दाबून वेग आठ-दहा किलोमीटरने कमी करा आणि पाय पूर्ण काढा. पाय टेकवून ठेवायचा नाही.

न्यूट्रल करून डिझेल वाचतं, हा जुना गैरसमज आहे. आताच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. आणि इंजिन बंद करून उतरवणाऱ्याचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. आणखी एक: स्पीड लिमिटर ८० ला लावलेला असला तरी तो फक्त डिझेल अडवतो, उतारावर गाडी धरत नाही.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईकडे जाताना कसारा टाळता येतो. पण टोलचा हिशोब मालक करतो. तो म्हणेल त्या रस्त्याने जावं लागतं, तेव्हा घाट शिकण्यावाचून सुटका नाही.

११. निघण्याआधी गाडीत रोज काय बघायचं?

एक फेरी, साधारण पंधरा मिनिटं, नेहमी एकाच दिशेने मारा म्हणजे काही सुटत नाही. इंजिन ऑइल आणि कूलंट गाडी थंड असताना. खाली जमिनीवर डाग आहे का. टायरवर दांडा मारून आवाज ऐका: भरलेला टायर टणकन वाजतो, बसका टायर धप्प करतो. जोडचाकांमध्ये दगड अडकला असेल तर काढा, नाहीतर तो टायर फाडतो किंवा मागच्याच्या काचेवर उडतो. नटाभोवती गंजाची ताजी रेघ दिसली तर नट सैल आहे. हवेच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा, विशेषतः पावसाळ्यात. मग इंजिन चालू करून हवा भरू द्या, बंद करून दाब पडतोय का ऐका, आणि सगळे दिवे.

बीएस-६ गाडीत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, पातळी डिझेलइतकीच महत्त्वाची. टाकी रिकामी झाली तर गाडी बंद पडत नाही, पण ताकद कमी करून घेते, आणि चढावर भरल्या गाडीत तेवढं पुरतं. त्यात साधं पाणी टाकायचा शहाणपणा करू नका, दुरुस्ती लाखाच्या घरात जाते.

१२. नोकरी धरताना काय ठरवून घ्यायचं? पगार महिन्याचा बरा की फेरीचा?

पहिलं वर्ष महिन्याचा पगार आणि रोजचा भत्ता, हेच धरा. फेरीवर पैसे असले की घाई होते, आणि नवीन हाताला घाई परवडत नाही.

पगाराच्या आकड्यापेक्षा बाकीच्या गोष्टी आधी मोकळ्या करा. भत्ता गाडी उभी असतानाही मिळतो का? माल उतरायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा जेवण स्वतःच्या खिशातून का? खर्ची, म्हणजे फेरीच्या खर्चासाठी आधी मिळणारे पैसे, किती आणि हिशोब कधी द्यायचा? टोल फास्टॅगवर आहे, पण हमाली, वजनकाटा, पार्किंग, पंक्चर कुणाचं? पोच (माल मिळाल्याची सही केलेली पावती) हरवली किंवा माल कमी भरला तर कापणार का? डिझेलचा ॲव्हरेज किती धरलाय, आणि तो भरल्या गाडीचा की सरासरीचा? भरलेली दहा चाकी घाटाच्या रस्त्यावर लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते. मालकाने सहा धरला असेल तर तुमच्या पगारातून डिझेल कापलं जाणार, हे आधीच समजा.

कायद्याने कामाचे तास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ आहेत. लांब पल्ल्याला हे कितपत पाळलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून विचारायचा खरा प्रश्न हा: या फेरीला ड्रायव्हर एक की दोन?

गाडी कधीची आहे तेही बघा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांपुढच्या ट्रकांना केबिनमध्ये एसी बंधनकारक आहे. मे महिन्यात धुळे-इंदूर करणाऱ्याला हे पगारवाढीसारखंच आहे.

१३. मनमाडजवळ पानेवाडीला टँकर भरतात. तिथे काम मिळायला वेगळं काही लागतं का?

लागतं. पेट्रोल, डिझेल, गॅस किंवा रसायन हा धोकादायक माल. त्यासाठी ट्रान्सपोर्ट लायसन्सवर वेगळी नोंद हवी. ती ३ दिवसांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करून मिळते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं ही अट नियमातच आहे, त्यामुळे शिक्षणाची सूट (प्रश्न १) इथे उपयोगी पडत नाही. ही नोंद ३ वर्षं चालते आणि नूतनीकरणाला एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण करावं लागतं.

टँकरला वेगाची मर्यादा ६० ची. आणि अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा अवघड असतो: आतला द्रव ब्रेक मारल्यावर पुढे आणि वळणावर बाजूला धावतो. पहिली नोकरी म्हणून टँकर घेऊ नका.

१४. मालक म्हणतो, थोडं जास्त भर, मी बघून घेतो. पकडलं तर दंड कुणाला?

जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी सोडत नाहीत. कायदा चालवणाऱ्यालाही धरतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही. काट्याची पावती गाडीतच ठेवा आणि निघण्याआधी तिचा फोटो मालकाला पाठवा. ‘बघून घेतो’ला एवढाच पुरावा.

ई-वे बिलाची मुदतही बघत जा. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडून अडकली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत ती वाढवून घेता येते. ती वाढवणं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचं काम आहे, पण फोन तुम्ही केला नाही तर त्यांना कळणार कसं?

१५. ट्रान्सपोर्ट लायसन्स संपून चार महिने झाले. परत पहिल्यापासून सगळं करायचं?

नाही. मुदत ५ वर्षांची असते. संपल्याच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर फॉर्म १-अ घेऊन नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं तर मात्र चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी संपल्यानंतर ३० दिवस लायसन्स चालू धरायचे, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. त्यामुळे चार महिने तुम्ही गाडी चालवली असेल तर विनालायसन्सच चालवली. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा लांब फेरीत तारीख उलटू देऊ नका.

१६. लहानपणापासून ट्रॅक्टर चालवतोय. तो अनुभव धरतात का?

आरटीओत नाही. मालकाच्या ट्रायलमध्ये थोडा धरला जातो, कारण ट्रॉली मागे घेता येणाऱ्याला ट्रेलरचं उलटं स्टिअरिंग लवकर कळतं. बाकी वेग, एअर ब्रेक आणि घाट हे सगळं नव्यानेच शिकावं लागतं.

१७. मुलीने ट्रक शिकावा का?

नियमात काहीच फरक नाही. अडचण गाडीची नाही, रस्त्यावरच्या स्वच्छतागृहांची आणि मुक्कामाची आहे. म्हणून सुरुवात दिवसा परत येता येईल अशा कामाने करावी: एमआयडीसीतली ने-आण, सिन्नर-नाशिक फेऱ्या, ठरावीक कंपनीच्या ठरावीक गाड्या. पॉवर स्टिअरिंगच्या आताच्या गाड्यांना ताकद लागत नाही.

१८. अपघात झाला आणि लोक मारायला धावले तर? थांबायचं की पळायचं?

जखमीला दवाखान्यात पोचवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच जमावाच्या रोषाचा उल्लेख आहे: तसा धोका असेल तर ती जबाबदारी सक्तीची राहत नाही. म्हणजे जीव वाचवायला जागा सोडणं आणि पळून जाणं वेगळं. फरक पडतो तो तुम्ही पुढे काय केलंत त्याने. लगेच ११२ ला आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदत आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर व्हा. कायद्याने कमाल मुदत २४ तासांची आहे, पण पहिल्या तासात गेलेलं बरं. फोनच्या नोंदी पुढे तुमच्याच कामी येतात. मालक आणि विमा कंपनीलाही तेव्हाच कळवा.

डॅशकॅम मालक लावत नसेल तर स्वतः लावा. चूक समोरच्याची होती हे सांगायला मोठ्या गाडीच्या चालकाकडे दुसरं फारसं काही नसतं.

१९. दोन वर्षं झाली. स्वतःची गाडी घेऊ का?

आधी एक हिशोब मांडा. हप्ता, विमा, नॅशनल परमिट (वर्षाला १६,५०० रुपये आणि १,००० रुपये प्राधिकारपत्राचे), टायर, फिटनेस आणि ज्या दिवशी गाडी उभी राहील ते दिवस. नवी गाडी असेल तर आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचं, नंतर दरवर्षी. यात कांद्याचा हंगाम मंदावला की रिकामे जाणारे आठवडेही धरा.

खरा प्रश्न परतीच्या भाड्याचा असतो. नाशिकहून दक्षिणेकडे कांदा भरून जायला गाडी कधीही मिळते. तिकडून भरून कोण पाठवणार, त्याचे दोन-तीन पक्के नंबर तुमच्याकडे नसतील तर अजून थांबा. नोकरीच्या काळात हे नंबर गोळा करता येतात. जुनी गाडी घेत असाल तर नॅशनल परमिट साध्या ट्रकला बारा वर्षांपर्यंत आणि मल्टिॲक्सलला पंधरा वर्षांपर्यंतच मिळतं, तेव्हा दहा वर्षांची सहा चाकी स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारू नका. आणि सौदा करण्याआधी त्या गाडीच्या नंबरवर किती ई-चलनं थकली आहेत ते बघा, ती गाडीबरोबरच येतात.